पाण्यातून मातीवर : वनस्पतींच्या स्थलांतराचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया, सनदा आणि बखरी उभ्या राहतात. वऱ्हाडचा इतिहास सांगावयाचा झाला तर आपण रुक्मिणीच्या कुंडिनपुरापासून प्रारंभ करतो, वाकाटकांचे ताम्रपट वाचतो, आणि अचलपूरच्या इमादशाहीवरून निजामाकडे व तेथून इंग्रजांकडे येतो. हा सारा पट फार ताणला तरी दोन-अडीच हजार वर्षांचा. परंतु ज्या राजापेठेत आपण बसलो आहोत तिच्या पायाखाली काळी माती आहे, मातीखाली काळा दगड आहे, आणि या दगडाच्या थरांत व त्याच्याही खाली विदर्भात ठिकठिकाणी एका फार जुन्या वसाहतीचे कागदपत्र जपून ठेवलेले आहेत. ही वसाहत वनस्पतींची. त्या पाण्यातून निघाल्या, मातीवर आल्या आणि त्यांनी हे जग राहण्याजोगे केले. त्या स्थलांतराचा इतिहास आज आपणांस पाहावयाचा आहे.

वैशाखातील अमरावतीचे ऊन आपणांस कोणी समजावून सांगावयास नको. दुपारी रस्ता ओस पडतो. माणूस सावली शोधतो, जनावर पाणी शोधते. रस्त्याच्या कडेचा कडुनिंब मात्र जागचा हलत नाही आणि नेमक्या याच दिवसांत त्याला कोवळी पालवी असते. त्याच्या पानांत पाणी आहे, भोवतालची हवा ते ओढून घ्यावयास टपलेली आहे, आणि तरी तो उभा आहे. हे त्याला कसे साधते, या प्रश्नाचे उत्तर चाळीस-पंचेचाळीस कोटी वर्षांच्या इतिहासात आहे.

पाण्यात राहणाऱ्या वनस्पतीचा संसार सोपा असतो. वडाळीच्या किंवा छत्री तलावासारख्या साचल्या पाण्यात हिरवे तंतू तरंगताना आपण पाहिलेच आहेत. त्या शैवलाला मूळ लागत नाही, कारण सर्वांगाला पाणी भिडलेले असते. खोड लागत नाही, कारण पाणीच त्याला तोलून धरते. वाहिन्या लागत नाहीत, कारण प्रत्येक पेशी आपले पाणी आपणच घेते. संततीची चिंताही थोडी. नर-गंतुक पाण्यातून पोहत मादी-गंतुकापर्यंत पोचतो. हेच शैवल काठावर काढून ठेवा. घटकाभरात त्याचा कागद होईल. जमिनीवर यावयाचे तर पाणी धरून ठेवणे, पाणी वर चढविणे, अंग सावरणे आणि पाण्यावाचून प्रजा वाढविणे असे चार प्रश्न सोडवावे लागतात. वनस्पतींचे जे मोठे वर्ग आपण शाळेत पाठ करतो, ते या प्रश्नांच्या सोडवणुकीचे एकामागून एक आलेले टप्पे होत.

मराठीत आपण पाण्यावरच्या हिरव्या तंतूंनाही शेवाळ म्हणतो आणि पावसाळ्यात भिंतीवर उगवणाऱ्या हिरव्या मखमलीलाही शेवाळच म्हणतो. शास्त्राच्या दृष्टीने ही दोन कुळे निराळी आहेत. पहिले शैवल, ते पाण्यातच राहिले. दुसरी हरिता, ती काठ ओलांडून आली. ज्या शैवलांतून जमिनीवरच्या वनस्पती निघाल्या ती गोड्या पाण्यातील होती, याविषयी आता शंका उरलेली नाही. तळ्यात चुन्याचे कवच धरणारी कारा नावाची वनस्पती या घराण्यातील आहे, आणि अलीकडच्या जनुकीय अभ्यासावरून तर स्पायरोगायरासारख्या साध्या तंतुमय शैवलांचा गट सर्वांत जवळचा ठरला आहे. उथळ डबकी आटतात, पुन्हा भरतात. अशा डबक्यांच्या काठी ज्यांना काही काळ कोरडे राहणे सोसले त्यांचाच वंश पुढे सरकला. समुद्राची खोली सोडून कोणी एकदम डोंगर चढले नाही; आटत्या तळ्याच्या चिखलातून ही वाट निघाली.

याचा पुरावा काय? सर्वांत जुना पुरावा धुळीएवढ्या बीजुकांचा आहे. सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत चिवट वेष्टनाची बीजुके सापडतात. हे वेष्टन वाऱ्यावर उडावयाचे, कोरडे राहावयाचे म्हणून केलेले असते. पाण्यातच जन्म काढणाऱ्यास त्याची गरज नाही. त्यानंतर सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वी कुकसोनिया दिसते. बोटभरही उंची नाही, पान नाही, फूल नाही. नुसती दुभंगत गेलेली काडी आणि टोकाला बीजुकांची डबी. या काडीने हवेत मान वर केली, एवढेच तिचे कर्तृत्व. पण ते थोडे नव्हे.

या काळाचे सर्वांत सुंदर दप्तर स्कॉटलंडमधील ऱ्हायनी या खेड्यात सापडले. १९१२ च्या सुमारास मॅकी नावाच्या एका डॉक्टराला तेथे कुंपणाच्या दगडांत वनस्पतींचे अवशेष दिसले. किडस्टन आणि लँग यांनी १९१७ ते १९२१ या वर्षांत त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. चाळीस कोटी वर्षांपूर्वी तेथे उष्ण झरे होते. त्यांच्या वाळूद्रव्याने भारलेल्या पाण्याने उभी झाडे जशीच्या तशी दगडात मुरवून ठेवली. त्या दगडाचा पातळ काप भिंगाखाली धरला की त्वचेवरचा मेणचट थर दिसतो, तिच्यातली रंध्रे दिसतात, मधोमध पाणी वाहून नेणाऱ्या पेशींचा धागा दिसतो. इतकेच काय, त्या झाडांच्या पेशींत शिरलेली बुरशीसुद्धा दिसते. मुळे नीट फुटण्यापूर्वीच वनस्पतींनी बुरशीशी भागीदारी केली होती. बुरशीने खडकातले क्षार द्यावे आणि वनस्पतीने साखर द्यावी, असा हा करार. आपल्या शेतातल्या बहुतेक पिकांच्या मुळांशी तो आजही चालू आहे.

मेणचट त्वचेने पहिला प्रश्न सुटला, पण एक नवा उभा राहिला. त्वचा पाणी बाहेर जाऊ देत नाही, तशी हवाही आत येऊ देत नाही. आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड आत आला नाही तर वनस्पती उपाशी मरते. यावर तोडगा म्हणजे पर्णरंध्र. दोन पेशींचे हे दार उघडते, मिटते. दार उघडले की अन्न येते आणि पाणी जाते. मिटले की पाणी राहते आणि उपास घडतो. मुळांनी ओढलेल्या पाण्यापैकी शंभरांतले पंचाण्णवाहून अधिक भाग याच दारांतून हवेत निघून जातात. वनस्पतींनी पाण्याबाहेर पाऊल टाकले त्या दिवसापासून हा व्यवहार चालू आहे, आणि वऱ्हाडच्या कोरडवाहू शेतकऱ्याचे सुखदुःख अखेर त्यावरच तोललेले आहे.

आता वर्गांकडे वळू. पहिला वर्ग हरिता, यकृतका आणि शृंगका यांचा. त्यांच्या मिळून सुमारे वीस हजार जाती आहेत. चिखलदऱ्याला श्रावणात गेलात तर कड्यांवर, झाडांच्या बुंध्यांवर आणि गाविलगडच्या पडक्या तटांवर हे लोक दाटीने बसलेले आढळतील. यांना खरे मूळ नाही, खऱ्या वाहिन्या नाहीत. म्हणून यांची उंची वीतभराच्या आतच राहते. पाऊस संपला की ती वाळतात, पाऊस आला की पुन्हा हिरवी होतात. पाणी धरून ठेवण्यापेक्षा सुकणे सोसावे, ही त्यांची रीत. आणि त्यांच्या नर-गंतुकांना अजून पोहत जावे लागते. दवाचा का होईना, पाण्याचा थर हवाच.

दुसरा वर्ग वाहिन्या असलेल्या पण बीज नसलेल्या वनस्पतींचा : नेचे आणि त्यांचे नातलग. त्यांच्या सुमारे बारा हजार जाती आहेत. जुन्या विहिरीच्या भिंतीवर काळ्या, चमकदार देठाचा नाजूक हंसराज आपण पाहतो, तो यांतलाच. बाजारात संजीवनी म्हणून विकली जाणारी, वाळून मूठ मिटणारी आणि पाण्यात टाकताच उमलणारी वनस्पतीही याच घराण्याजवळची. पुणे विद्यापीठाचे प्रा. त्र्यंबक शंकर महाबळे यांनी या वर्गाचा पुष्कळ अभ्यास केला. सह्याद्रीच्या ओल्या पठारांवरील आयसोएटिसची एक जात त्यांच्या नावावर नोंदलेली आहे. या वर्गाची मोठी कमाई म्हणजे लिग्निन. या कठीण द्रव्याने नळ्यांच्या भिंती पक्क्या झाल्या. पाणी वर चढू लागले आणि तेच लाकूड झाडाला तोलूनही धरू लागले. म्हणजे दुसरा आणि तिसरा असे दोन प्रश्न एकाच युक्तीने सुटले. सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवर पहिली अरण्ये उभी राहिली ती याच बळावर. त्यांच्या मुळांनी खडक फोडला, माती केली आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड कमी केला.

परंतु नेच्यालाही एक लाचारी उरलीच. त्याच्या पानामागून उडालेल्या बीजुकातून नेचा उगवत नाही. उगवतो नखाएवढा एक हिरवा पापुद्रा. त्या पापुद्र्यावर गंतुके तयार होतात, आणि पाणी असेल तर त्यांचा संयोग होऊन नवा नेचा जन्मतो. एका आयुष्यात अशा दोन पिढ्या आळीपाळीने येतात. १८५१ साली जर्मनीत विल्हेल्म होफमाइस्टर यांनी दाखवून दिले की हा फेरा हरितांपासून सूचिपर्णी वृक्षांपर्यंत सर्वांत आहे. फरक एवढाच की हरितांत गंतुकांची पिढी मोठी असते, नेच्यात ती पापुद्र्यापुरती उरते, आणि बीजधारी झाडांत ती आईच्या पोटातच लपून जाते. बीज म्हणजे दुसरे काय? गर्भ, त्याची शिदोरी आणि त्यावर घट्ट आवरण. नराचा भाग परागाच्या रूपाने वाऱ्यावर येतो. पोहण्याची गरज संपते. सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वी हा चौथा प्रश्न सुटला, आणि वनस्पतींना तळ्याचा काठ सोडून कोठेही जाण्याची मोकळीक मिळाली.

योगायोग असा की ज्या १८५१ साली होफमाइस्टर यांचा ग्रंथ निघाला, त्याच साली नागपूरजवळ टाकळी येथे स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या दोघा स्कॉटिश मिशनऱ्यांना काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये दडलेली फळे, बिया आणि शंख सापडले. हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले होते. धर्मप्रचार हे त्यांचे काम. पण त्यांना दगडांचा आणि माणसांचा सारखाच छंद होता. त्यांनी गोंडांची गाणी गोळा केली, भाषा टिपली, आणि गोंडांच्याच भूमीतले खडक लंडनला पाठविले. १८५५ मध्ये त्यांचा व हंटर यांचा निबंध प्रसिद्ध झाला. १८६१ मध्ये चार्ल्स बनबरी यांनी नागपूरकडील जीवाश्म-पानांचे वर्णन केले. पुढे दोनच वर्षांनी, १८६३ च्या सप्टेंबरात, टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळ पुराच्या पाण्यात हिस्लॉप बुडून मरण पावले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज आजही त्यांचे नाव चालवीत आहे.

त्या पानांत एक पान वारंवार येत होते : जिभेच्या आकाराचे, मध्ये ठसठशीत शीर आणि बाजूंना जाळीदार शिरा. ब्राँन्यार यांनी १८२८ मध्येच त्याला ग्लॉसॉप्टेरिस, म्हणजे जिभेसारखा नेचा, असे नाव दिले होते. तो नेचा नव्हता. १९५२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत एड्ना प्लमस्टेड यांनी पानाला लागलेली त्याची फलांगे वर्णिली आणि हा बीजधारी वृक्ष होता हे स्पष्ट झाले. कामठीच्या वालुकाश्मात त्याची पाने आहेत. सातपुड्याच्या पायथ्याशी सालबर्डीच्या परिसरात काळ्या दगडाखालून जे जुने खडक डोकावतात त्यांतही ती मिळाली आहेत. या खडकांच्या मालिकेला १८७२ मध्ये मेडलिकॉट यांनी गोंडवन हे नाव सुचविले आणि १८७६ मध्ये फाइस्टमांटेल यांनी ते छापले. आज साऱ्या जगातील भूशास्त्रज्ञ दक्षिणेकडील जोडखंडाला गोंडवन म्हणतात. आपल्या शेजारच्या गोंडांचे नाव असे पृथ्वीच्या इतिहासात जाऊन बसले आहे.

त्या जोडखंडाचा पुरावा मिळाला तोही मोठा करुण. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती बर्फात मृत्यू पावले. शोध घेणाऱ्यांना त्यांच्या घसरगाडीवर सुमारे १६ किलो दगड सापडले. शेवटपर्यंत त्यांनी ते टाकले नव्हते. केंब्रिजच्या सीवर्ड यांनी ते तपासले, तर त्यांत ग्लॉसॉप्टेरिस इंडिका निघाली; म्हणजे जिच्या नावातच हिंदुस्थान आहे ती वनस्पती अंटार्क्टिकावर! एकेकाळी हे भूखंड एकमेकांस चिकटलेले होते, या मताला त्या पानाने मोठे बळ दिले. सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशात हे वृक्ष नाहीसे झाले. त्यांच्या दलदली मात्र उरल्या. वणी, घुग्गुस, बल्लारपूर, उमरेड येथे आपण जो कोळसा उपसतो तो याच अरण्याचा.

यानंतर आपल्या पायाखालचा काळा दगड येतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले. एक थर आला, निवला; त्यावर माती धरली, तळी साचली, झाडे उगवली; मग पुढच्या थराने ते सारे झाकले. या दोन थरांमधल्या तळ्यांत वाळूद्रव्याने मुरलेल्या वनस्पती म्हणजे आमचे घरचे ऱ्हायनी होय. माल्कमसन यांनी या प्रदेशातून गोळा केलेल्या अवशेषांत काराची फळे होती. १८४० मध्ये सावर्बी यांनी त्यांना माल्कमसन यांचेच नाव दिले. म्हणजे जमिनीवर येणाऱ्यांच्या नात्यातील ती जुनी जलवासी वनस्पती लाव्हाच्या काळातही आपल्या तळ्यांत नांदत होती.

या दप्तराचे सर्वांत संपन्न पान छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान येथे उघडले. १९५६ पर्यंत विदर्भ आणि तो मुलूख एकाच प्रांतात होते, आणि मराठी तेथे परकी नाही. सीवर्ड यांचेच शिष्य डॉ. बिरबल साहनी यांनी या स्थळाचे महत्त्व जगापुढे मांडले. १९३३ मध्ये के. पी. रोडे यांनी येथील निपा ताडाचे फळ वर्णिले. निपा आज सुंदरबनासारख्या खाऱ्या चिखलात वाढतो. तेव्हा समुद्राचा एखादा फाटा या भागाजवळ आला असावा, असा तर्क त्यावरून निघाला. १९३४ मध्ये साहनी आणि राव यांनी ॲझोला हा पाण्यावर तरंगणारा नेचा नोंदविला. दुसऱ्या एका जलनेच्याला साहनींनी रोडे यांच्या नावावरून रोडेआयटिस म्हटले. एनिग्मोकार्पॉन, म्हणजे कोडे घालणारे फळ, याचे सविस्तर वर्णन त्यांनी १९४३ मध्ये केले. आणि पुढच्याच वर्षी व्ही. बी. शुक्ला यांनी सानियान्थस हे फूल प्रसिद्ध केले. ते फूल त्याच झाडाचे ठरले! १९६० नंतर जैन यांनी येथूनच बियांनी भरलेले एक केळे वर्णिले. नेचे, सूचिपर्णींची फळे, ताड, केळ आणि फुलझाडे एका तळ्याकाठी बसलेली येथे दिसतात.

साहनींनी लखनौला जीवाश्म-वनस्पतींची संस्था काढली. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिची कोनशिला बसली आणि त्यानंतर आठवडाभरातच, १० एप्रिलला, साहनी वारले. पण काम थांबले नाही. वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला डायनोसॉरांची दगड झालेली लीद मिळते. २००५ मध्ये वंदना प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यात गवताच्या पानांतले वाळूद्रव्याचे सूक्ष्म कण दाखविले. तोवर गवत हे डायनोसॉरांच्या नंतरचे, असा समज होता. चंद्रपूर जिल्ह्यातील लिदीच्या गोळ्याने तो समज मोडला. आणि त्या गवतांत भाताच्या कुळाजवळची गवतेही होती.

फुलझाडे हा सर्वांत धाकटा आणि सर्वांत मोठा वर्ग; सुमारे तीन लाख जाती. बी उघडे ठेवणारे प्रकटबीज वृक्ष मात्र सारे मिळून हजाराच्या आसपास उरले आहेत; आपल्याकडे ते अंगणातल्या सायकसच्या आणि मोरपंखीच्या रूपाने ओळखीचे आहेत. फुलझाडांनी बी फळात झाकले, कीटकांना परागाच्या कामाला लावले आणि पाण्याच्या नळ्या अधिक रुंद केल्या. कपाशी यांतली, तूर यांतली, ज्वारी यांतली. आणि यांच्यातही जुना प्रश्न संपलेला नाही. कपाशीला अन्न घ्यावयास रंध्रे बराच वेळ उघडी ठेवावी लागतात. ज्वारीने निराळी युक्ती काढली : आत आलेला कार्बन आधी एका ठिकाणी साठवावयाचा आणि मग वापरावयाचा, म्हणजे दार थोडे उघडले तरी चालते. हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ मध्ये ही युक्ती उसात उलगडून दाखविली. कमी पाण्यात ज्वारी तग धरते हे आपल्या आजोबांना ठाऊक होते. का धरते, याचे हे उत्तर. वऱ्हाडाने ज्वारीची शेते सोडून एकाच नगदी पिकाकडे धाव घेतली, तेव्हा या जुन्या हिशेबाकडे त्याची पाठ फिरली, असे आम्हांस वाटते. पाऊस हुकला की तो हिशेब आपणांस चुकता करावा लागतो.

दोन गोष्टी सांगून हे विवेचन संपवू. पहिली कोळशाची. ग्लॉसॉप्टेरिसच्या अरण्यांनी लाखो वर्षे हवेतून जो कार्बन काढून जमिनीत पुरला, तो आपण दीडशे वर्षांत पुन्हा हवेत सोडीत आहोत. वनस्पतींनी हवा माणसाच्या सोयीची केली. ती सोय मोडण्यापूर्वी तिची किंमत तरी कळली पाहिजे.

दुसरी दगडांची. मोहगावचा चकमकीचा तुकडा दगड फोडणाऱ्याला गिट्टीच वाटतो आणि नांगरणाऱ्याला अडथळा. त्यात त्यांचा दोष नाही, कारण त्यांना कोणी सांगितलेले नाही. दिंडोरीकडे घुघव्याला याच काळातील झाडांसाठी राष्ट्रीय उद्यान झाले. गडचिरोलीत सिरोंच्याजवळ वडधमला जीवाश्मांचे उद्यान आहे. पण लाव्हाथरांमधली बहुतेक तळी कोणाच्या तरी शेताच्या बांधावर, रस्त्याच्या उकरीत उघडी पडलेली असतात. ताम्रपट सापडला तर आपण तो वितळवीत नाही. तहसीलदाराला कळवितो, संशोधक मंडळाकडे नेतो. एखाद्या दगडात पानाची शीर किंवा बियांची ओळ दिसली तर तोही ताम्रपटच समजावा, जागा टिपून ठेवावी आणि जवळच्या महाविद्यालयातील भूशास्त्राच्या किंवा वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवावा. टाकळीचा दगड दोघा परक्यांनी उचलला म्हणून तो जगाला कळला. पुढचा दगड आपल्यापैकीच कोणी उचलावा, एवढीच या व्याख्यानाची अपेक्षा आहे.